मालक शिकायला तयार होता

घोडे शिकवून पोट भरता येतं, हे आमच्या घरात कोणाला कधी पटलं नाही. आमचं घर जयगडच्या खाडीवर. वडील, काका, मोठा भाऊ सगळे होडीवर जाणारे. मला मात्र होडी बंदराबाहेर पडली की पोटात ढवळायचं. दोन वर्षं मी ओकत ओकत काढली. शेवटी एकोणिसाव्या वर्षी मामा मला पुण्याला घेऊन गेला. तो तिथे घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका क्लबात मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचं, लीद काढायची. मलाही तेच काम मिळालं. पायाखाली न हलणारी जमीन आहे, एवढ्यावर मी खूश होतो.

त्या क्लबात घोडे शिकवणारे दोघे होते. एकाला सगळे उस्ताद म्हणत. अडेल, चावरा, लाथाळ असा कुठलाही घोडा आला की उस्ताद मालकाला सांगत, "महिनाभर इकडे फिरकू नका." महिन्यानं मालक यायचा आणि तोच घोडा त्याच्यासमोर खाली मान घालून चालायचा. मालकाचा चेहरा बघायला मी हातातलं काम टाकून उभा राहायचो.

दुसरे घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार, साताऱ्याकडचे. त्यांच्याकडे कोणी घोडा आणला की ते आधी घोड्याकडे बघतच नसत. "मालक कोण?" एवढंच विचारायचे. मालक पुढे झाला की, "रोज सकाळी सहाला येणार का?"

"मी कशाला? बिघडलाय तो घोडा."

"मग घेऊन जावा त्याला."

दहातले आठ जण खरंच घेऊन जायचे. जे दोघे राहायचे त्यांना रिसालदार पहिले आठ दिवस घोड्यावर बसू देत नसत. त्यांच्याकडून लीद उचलून घ्यायचे, ती हातात फोडून बघायला लावायचे. दुपारी तबेल्यासमोर स्टुलावर बसवायचे आणि तासभर घोडा काय करतो ते नुसतं बघायला सांगायचे. मोठमोठ्या घरचे लोक तसे बसलेले बघून आम्ही मोतद्दार गवताच्या गंजीमागे जाऊन हसायचो.

मी उस्तादांच्या हाताखाली गेलो. कोणीही तेच केलं असतं. उस्तादांकडे कसब होतं आणि ते डोळ्यांना दिसायचं. रिसालदारांचं काम मला म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचं. एकदा ते मला म्हणाले होते, "तुझा हात चांगला हाय. पण तो हात घोड्याबरोबर मालकाच्या घरी जाणार न्हाई." मी मान हलवली आणि विसरून गेलो.

चौदा वर्षं पुण्यात काढली. मग आई अंथरुणाला खिळली, भाऊ समुद्रावर असायचा, म्हणून मी जयगडला परत आलो. आई वर्षभरात गेली. मी राहिलो तो राहिलोच. रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, मावशीची पडीक जागा होती. तिथे जांभ्या चिऱ्याच्या भिंती घालून चार खणांचा तबेला बांधला, चिऱ्याचीच गव्हाण केली, पुढच्या कातळावर माती आणून पसरली आणि घोडा गोल फिरवायला जागा केली. तेव्हा किनाऱ्यांवर पर्यटक वाढत होते. पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, घोडे आले, लग्नात वरातीला घोडे लागायला लागले. हे घोडे घाटावरून यायचे. कुठे शर्यतीतून काढलेले, कुठे टांग्यातून. ज्यांनी ते आणले त्यांना गाईम्हशींपलीकडे जनावर माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे यायचे. मी त्यांना उस्तादांच्याच शब्दांत सांगायचो, "महिनाभर इकडे फिरकू नका." राजापूरपासून चिपळूणपर्यंत लोक मला मास्तर म्हणून ओळखायला लागले. मला ते आवडायचं, हे खोटं कशाला बोलू.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते दादा एका नोव्हेंबरात आले. त्यांच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे घोडी असलेलं घर एकच होतं. गणपतीपुळ्याच्या वाटेवरची एक लहान पुळण, तिला लागून माडांची वाडी आणि वाडीत त्यांचं घर. वय पन्नाशीच्या आसपास. मासेमारीत जन्म गेलेला. गुडघे दुखायला लागले तशी होडी धाकट्या भावाकडे सोपवली आणि पर्यटकांना फिरवायला कोल्हापूरकडून एक घोडी आणली. तांबूस, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका असलेली, आठेक वर्षांची. घोडी वाईट नव्हती. पण खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा तो पट्टा, ओढायला गेलं की मान वळवून चावायला यायची. एका पर्यटक बाईच्या दंडाला तिचे दात लागले होते.

दादांबरोबर त्यांची बायकोही आली होती. मी वहिनी म्हणायचो त्यांना. दोघं टेम्पोतून घोडीबरोबर उभ्यानं आली होती. घोडी खाली उतरवल्यावर दादांनी लगाम दोन वेळा मुठीभोवती गुंडाळला, पाय रोवले आणि मागे झुकून उभे राहिले. जाळ्याचा दोर धरणारा माणूस जसा उभा राहतो, अगदी तसे. मी ते बघितलं. लगाम हाताला कधी गुंडाळायचा नाही, हे घोड्याजवळ जाणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचं असतं. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण मी पुढे झालो, लगाम त्यांच्या हातून सोडवून घेतला आणि घोडीकडे वळलो.

"मास्तर," दादा म्हणाले, "मी पण रोज आलो तर चालेल काय? मला ह्यातलं काय समजत नाय. होडीचं विचाराल तर सांगीन."

"तुम्ही कशाला त्रास घेता? महिन्यानी या आणि तयार घोडी घेऊन जा."

"त्रास कसला? सकाळच्या एस्टीनं येईन. एका बाजूला उभा राहून बघीन नुसता."

वहिनी म्हणाल्या, "येऊ दे की वो त्यांना. घरात बसून तरी काय करतायत?"

मी हसलो. म्हटलं, मालक समोर असला की घोड्याचं लक्ष लागत नाही. हे उस्तादांचं वाक्य होतं आणि ते खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की मला माणसांना सांगत बसायचा कंटाळा होता. माणूस प्रश्न विचारतो, विसरतो, घाबरतो, घाबरलो नाही असं दाखवतो. घोडा तसलं काही करत नाही. दादांनी आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा नाही म्हटलं. ती दोघं रिकाम्या टेम्पोतून परत गेली.

माझ्या सगळ्या आयुष्यात शिकायला स्वतःहून आलेला मालक तो एकच. त्याला मी परत पाठवला.

घोडीचं काम अवघड नव्हतं. तंग आवळताना ती चावायला आली की मान तिथेच अडवायची, शांत राहिली की कपाळ चोळायचं. पंधराव्या दिवशी ती तंग आवळताना हलेना. कान थोडे मागे जायचे, पोटाची कातडी थरथरायची, पण पाय जागच्या जागी. महिनाअखेरीला मी दादांसमोर तंग आवळून दाखवला. दादांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं ऐकेल ना ही?"

"ऐकेल. आता तिला सगळं येतं."

दोन महिन्यांनी, शिमग्याच्या सुमारास, घोडी परत आली. चावत नव्हती, पण पुढे चालायला तयार नव्हती. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना लगामाने घट्टे पडले होते. मी त्या घट्ट्यांना मलम लावलं, तीन आठवडे हलक्या हातानं तिला चालवलं आणि परत दिली. ज्या हातांमुळे ते घट्टे पडले होते त्या हातांशी मी काही बोललो नाही. दादांनीही या वेळी रोज येऊ का असं विचारलं नाही. पावसाळ्यात पुळणीवरचा धंदा बंद असतो, तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. आता ती दादांना तिच्या जागेत शिरू देत नव्हती. माझ्याकडे मात्र कोकरासारखी राहायची. ते बघून दादांचा चेहरा कसा व्हायचा हे मला आज आठवतं. तेव्हा माझं लक्ष स्वतःच्या कौतुकाकडे होतं.

"तुमच्याकडे कशी शहाण्यासारखी वागते," ते म्हणाले. "माझ्याच हातात काय वाईट हाय, समजत नाय."

"दादा, तुम्ही घाबरता. ते तिला कळतं."

"घाबरतो, खरं हाय. मग काय करायचं?"

"घाबरायचं नाही," मी म्हटलं.

खूप मोठा उपाय सांगितल्यासारखं मी ते बोललो होतो. दादांनी मान डोलावली. आयुष्यभर वादळातून होडी आणणाऱ्या माणसाला मी हे सांगत होतो. होडीत त्यांना भीती वाटत नसे, कारण कोणत्या लाटेला काय करायचं हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शेजारी बसवून शिकवलं होतं. ते त्यांनीच मला नंतर सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत पुळणीवर गर्दी होती. दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी उधळली. तिच्यावर त्या वेळी कोणी बसलेलं नव्हतं, एवढं बरं. लगाम दादांच्या हातात होता, मुठीला दोन वेढे घातलेला. वेढे सुटले नाहीत. घोडीनं त्यांना शंभरेक पावलं वाळूतून फरफटत नेलं आणि सुरूच्या झाडांपाशी थांबली. खांदा निखळला, उजव्या हाताची तीन बोटं मोडली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा हात पट्ट्यांत बांधून छातीशी घेतला होता. ते स्वतःच म्हणाले, "मी सोडलाच नाय मास्तर. दोर सोडायचा नाय, हेच डोक्यात."

मी पलंगाच्या कडेला बसून होतो. 'तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हाच मी ते बघितलं होतं,' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी त्या दिवशी बोललो नाही, पुढेही कधी बोललो नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

बोटं जुळली, पण मूठ पुन्हा वळली नाही. होडीवर जायचा रस्ता कायमचा बंद झाला. महिन्याभरानं वहिनी एकट्याच सड्यावर आल्या. उन्हातून चढून आल्या होत्या. पाणी दिलं, अर्धा तांब्या प्यायल्या.

"घोडी विकायला सांगतात सगळे," त्या म्हणाल्या. "ह्यांचा जीव हाय तिच्यावर. हात मोडला तरी हाय. तर म्हटलं मीच फिरवीन तिला पुळणीवर. तुमी मला शिकवा. घोडीला नको आता. मला."

या वेळी मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या पहिल्या एस्टीनं त्यांच्या पुळणीवर जायला लागलो. वहिनी घोडीला वाडीतून बाहेर आणायच्या, आम्ही ओल्या वाळूवर तासभर काम करायचो आणि मी साडेआठची गाडी पकडून परत यायचो.

तिथे मला कळलं की मला शिकवता येत नाही.

लगाम कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा, हे वरवरचं सांगून पहिल्याच आठवड्यात संपलं. मग वहिनींचे प्रश्न सुरू झाले. शाळेत त्या चौथीपर्यंतच गेलेल्या, पण जन्मभर मासळीच्या लिलावात उभ्या राहिलेल्या बाईची नजर होती ती. घोडी समोरून येणाऱ्या कुत्र्याला बिचकणार हे मी दोन पावलं आधी ओळखलं आणि तिला वळवलं. वहिनींनी लगेच विचारलं, "कसं समजलं तुमाला?"

"कळतं."

"ते झालंच. पण कशावरून? कान हलले? का मान?"

मी आठवून बघितलं. कशावरून ते मला सांगता येईना. माझ्या हातांना कळलं होतं, आणि हातांना काय कळलं हे मी कधी तोंडानं बोललो नव्हतो. "सवयीनं येतं," असं म्हणून मी लगाम त्यांच्या हातात दिला. त्यांच्याकडून चुकलं की मी सांगायच्या ऐवजी लगाम काढून घ्यायचो आणि करून दाखवायचो. माझ्या हातात घोडी नीट चालायची, त्यांच्या हातात गेली की पुन्हा तेच. एके दिवशी मी वैतागून त्यांच्यावर ओरडलो. त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "मास्तर, तुमी तिच्यावर कधी ओरडत नाय."

त्या दिवशी घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. रिसालदारांच्या सुनेनं घेतला. म्हणाली, ते आता कोणाला ओळखत नाहीत, ऐकूही येत नाही, पण तुम्ही फोन केलात हे सांगते. काय सांगणार होती आणि कोणाला? चौदा वर्षं तो माणूस माझ्यापासून वीस पावलांवर रोज सकाळी हेच काम करत होता. माणसाला घोडा कसा वाचायचा ते सांगत होता. मी गंजीमागे हसत होतो.

तरी वहिनी हळूहळू शिकत होत्या, माझ्यामुळे कमी आणि स्वतःच्या नजरेनं जास्त. जानेवारी संपता संपता त्या घोडीला पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता नेऊन आणायला लागल्या. दादा पडवीतून खुर्ची आणून वाडीच्या कुंपणाशी बसायचे आणि बघायचे. रोज मला चहाला बोलवायचे. "पाच मिनिटं या की आत. तिची जागा कशी केली बघा तरी. माडाच्या झापांचा मांडव घातलाय."

"एस्टी चुकेल," मी म्हणायचो.

तीन महिन्यांत एकदाही मी त्यांच्या घरामागे गेलो नाही.

फेब्रुवारीतल्या एका दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "घोडी उठत नाय. लई घाम सुटलाय तिला."

मी ओळखीच्या रिक्षावाल्याला घेऊन निघालो. वाटेत जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या गावात होते, पण लगेच निघाले. मी पोचलो तेव्हा घोडी मांडवात आडवी पडली होती. अंग चिंब, नाकपुड्या फाकलेल्या, पोट टम्म. पहिल्यांदाच मी तिची जागा बघत होतो. झापांचा मांडव खरंच सुंदर बांधला होता. खाली मऊ पांढरी वाळू, रोज झाडून चाळून सारखी केलेली. तिला टोचू नये म्हणून. आणि त्या वाळूवर पसरलेलं सुकं गवत आणि कोंडा.

"कधीपासून असं आहे?" मी विचारलं.

दादा माझ्यासमोर उकिडवे बसले होते, मोडका हात मांडीवर. "दुपारी जेवण झाल्यापासून लोळत होती. मी कुंपणाजवळ बसून बघत होतो. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. मग उठायची, पोटाकडे बघायची, पायानं वाळू उकरायची, परत लोळायची. मी हिला हाक मारून म्हटलं, ये बघ, आज किती खुशीत हाय."

वहिनी घोडीच्या अंगावरचा घाम पुसत होत्या.

लोळणं, उकरणं, मान वळवून पोटाकडे बघणं. घोड्याच्या पोटात कळा येतात तेव्हा तो हेच करतो. क्लबातल्या नव्या मोतद्दाराला हे पहिल्या आठवड्यात सांगतात. दादा तीन-साडेतीन तास तिच्यासमोर बसून होते. मायेनं बसले होते. तिनं जे जे सांगायचं ते सगळं सांगितलं होतं आणि त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

आम्ही तिला उठवायचा प्रयत्न केला. ती पुढच्या पायांवर उठली, थरथरली आणि परत पडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर येईपर्यंत ती जिवंत होती. त्यांनी इंजेक्शन दिलं, नळी घालून बघितली. आतडं पिळलं गेलंय, म्हणाले, इथे काही करता येणार नाही. उजेड मावळायच्या आत ती गेली.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी बादलीत पाणी मागवलं, तपासताना तिच्या पोटातून काढलेली लीद त्यात कालवली आणि थोडा वेळ थांबून वरचं पाणी ओतून दिलं. बादलीच्या तळाशी वाळू होती. मूठभर नव्हे, चांगली ओंजळभर.

"चारा वाळूवर घालता?" त्यांनी विचारलं.

"व्हय," दादा म्हणाले. "मऊ हाय म्हणून."

"चाऱ्याबरोबर पोटात जाते. थोडी थोडी साठत राहते. एकदम नाही, वर्ष-दीड वर्ष लागलं असेल. आधी कधी पोटाला हात लावू द्यायची नाही, चावायची, असं काही?"

वहिनी म्हणाल्या, "पहिल्यांदा आणली तेव्हा तंग आवळताना चावायची. मास्तरांनी घालवलं ते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग बादली पालथी केली.

तिला आणून दोन महिने झाले होते तेव्हा ती माझ्याकडे पहिल्यांदा आली होती. दोन महिने त्या वाळूवरचा चारा खाऊन. म्हणजे तेव्हाच तिचं पोट दुखत असणार, निदान थोडं. तिच्याकडे ते सांगायची एकच रीत होती. मी तिला ती रीत सोडायला लावली, पंधरा दिवसांत, आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. माझ्याकडे चिऱ्याची गव्हाण होती म्हणून माझ्याकडे ती बरी राहायची. मला वाटायचं माझ्या हातामुळे. तिथून घरी गेली की पुन्हा वाळू, पुन्हा दुखणं. फक्त आता तंग आवळताना ती गप्प उभी राहायची, कारण तिला तसं उभं राहायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चौघांनी वाडीच्या टोकाला खड्डा खणला. मी पण खणला. दादांना एका हातानं फावडं धरता येईना, तरी ते धरून होते. सगळं झाल्यावर वहिनींनी चहा केला आणि त्या दिवशी मी पडवीत बसून तो प्यायलो. मला वाटत होतं कोणीतरी मला बोलावं. शिव्या द्याव्यात, निदान विचारावं. वहिनी म्हणाल्या, "तुमी तरी काय करणार मास्तर? तुमी तिला एवढं चांगलं शिकवलंत. आमालाच सांभाळता आली नाय."

दादांनी मान हलवली. ते पण तसंच समजत होते. त्यांना अजून तसंच वाटतं. मी त्यांना खरं सांगायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मासळी रांधली, जेवायला बसवलं, आणि मी जेवून परत आलो. सांगितल्यानं त्यांचं काय हलकं होणार होतं? का मलाच हलकं व्हायचं होतं? हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की मालक बरोबर आला तरच घोडा घ्यायचा. येणाऱ्या प्रत्येकाला रिसालदारांचा प्रश्न विचारायला लागलो. पहिला म्हणाला, माझं हॉटेल कोण बघणार? दुसरा म्हणाला, मास्तर, डोकं फिरलं काय तुमचं, पूर्वी तर फिरकू नका म्हणायचात. तिसरा दोन दिवस आला, लीद उचलायला सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी आला नाही. आता हातखंब्याकडे एक तरुण माणूस महिन्यात घोडा तयार करून देतो, सगळे त्याच्याकडे जातात. हात चांगला आहे त्याचा, मी बघितलाय. त्याला जाऊन काही सांगावं असं वाटतं. पण काय सांगू? रिसालदारांनी मला सांगितलं होतं तेव्हा मी काय केलं?

आणि समजा, उद्या एखादा मालक खरंच आला, रोज येतो म्हणाला, तर मी त्याला काय शिकवणार आहे? मला अजून ते येत नाही. वहिनींच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर शोधतोय. रस्त्यात घोडा दिसला की उभा राहतो, तो कधी बिचकतो बघतो, कशावरून कळलं ते शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो. दोन-चार गोष्टी सापडल्या आहेत. वहीत लिहून ठेवल्या आहेत. ऐकायला कोणी नाही.

भावानं ओळखीनं जयगडच्या बंदरावर काम बघून दिलं. येणाऱ्या ट्रकांचे कागद तपासायचे. पुढच्या सोमवारपासून जायचं आहे. मावशीच्या मुलाला सड्यावरची जागा आंब्याची कलमं लावायला हवी आहे. काल तो माणसं घेऊन आला होता. चिरे चांगले आहेत, पुन्हा वापरता येतील, म्हणाला. मी हो म्हटलं.